तिसऱ्या ढिगातले दाणे

मला नेमकं काय झालं होतं, हे विचारू नका. विचारणाऱ्यांना मी आजवर चार वेळा चार वेगळी उत्तरं दिलीत आणि चारही मनापासून दिलीत. कावीळ झाली होती, हे खरं. लिव्हरला सूज आली होती, हेही खरं, कागदावर तसं लिहिलंय. पण ती कशानं आली, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही, तर मी कोण लागून गेले? तरी लिहितेय. कारण मी जे खाल्लं ते घरोघरच्या बाया खात असणार, कुणाला न सांगता.

माझं नाव सुमन. उमरग्यापासून टमटमनं अर्ध्या तासावर आमचं गाव. घरात मालक, म्हणजे माझे यजमान, आणि मुलगा महेश. तो उमरग्यात ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला जातो. भिंतीला भिंत लावून धाकट्या दिराचं घर आहे. त्याची बायको शकू, माझी जाऊ. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, पण अंगण एकच राहिलं, त्यामुळं भांडणंही एकत्रच होतात. विहिरीजवळचा एक तुकडा अजून सामाईक आहे. त्यात आम्ही भुईमूग करतो आणि शेंगा दोघी मिळून निवडतो.

अर्धं राहिलेलं पान

त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या बचत गटाला शिकवायला शेतीखात्याच्या एक मॅडम आल्या. आमच्याच अंगणात सतरंजी टाकली होती. विषय धान्याला लागणाऱ्या बुरशीचा. शेंगा, मका, ज्वारी नीट वाळली नाही तर बुरशी धरते, त्यातल्या काही बुरशा विष तयार करतात आणि ते विष माणसाच्या लिव्हरला बाधतं, असं त्यांनी सांगितलं. मग पिशवीतनं बारक्या बारक्या बाटल्या काढल्या. कडुलिंबाचा अर्क, ओव्याचं तेल, लवंगेचं तेल, गवती चहाचं तेल. दोन बशा दाखवल्या. एकीत नुसते दाणे, त्यावर हिरवट-पिवळी भुकटी चढलेली. दुसरीत ओव्याचं तेल लावलेले दाणे, अगदी स्वच्छ.

मला इतका आनंद झाला म्हणता! हे तर सगळं आमच्याच घरातलं. माझी आई कणगीत कडुलिंबाचा पाला घालायची. ओवा, लवंग तर मसाल्याच्या डब्यातच. मी दहावी नापास बाई, पण त्या दिवशी मला वाटलं की आपण जन्मापासून शास्त्रज्ञच होतो, फक्त कुणी सांगितलं नव्हतं. वहीत भराभर लिहिलं, "ओव्यानं, लवंगेनं, लिंबाच्या पाल्यानं बुरशी वाढत नाही." पुढं मॅडम "पण" म्हणाल्या. मीही "पण" लिहिलं. तेवढ्यात चहा उतू गेल्याचा वास आला. पाहुण्यांचा चहा माझ्याकडं होता, मी उठून पळाले. परत आले तर मॅडम निघायच्या तयारीत, सगळ्या बाया फोटोला उभ्या. मीही पदर सावरून उभी राहिले. वहीत "पण" तसाच राहिला आणि त्याच्यापुढं पान कोरं.

निळं पिंप

शेंगा काढायच्या आठवड्यातच पाऊस बसला. चिखलातनं वेल उपटले, दोन दिवस ऊन दाखवलं न दाखवलं की पुन्हा आभाळ भरून आलं. शेंगा दमटच घरात घ्याव्या लागल्या.

शकू म्हणाली, "आक्का, ह्या वाळल्या न्हायत. हलवून बघा, आतला दाणा वाजंना."

मी म्हटलं, "तू गप. माझ्याकडं विद्या हाय."

विद्या कसली, तर लिंबाचा पाला. आई पाला सावलीत खडखडीत वाळवून घालायची. मी डोकं चालवलं, की वाळल्यावर त्यात अर्क कुठला राहतोय? हिरव्यात जास्त असणार. म्हणून हिरवेगार डहाळे तोडले, हौदावर स्वच्छ धुतले आणि एक थर शेंगा, एक थर पाला असं करत पाण्याचं निळं प्लास्टिकचं पिंप भरलं. झाकण गच्च लावलं, वर दगड ठेवला. दमट शेंगा, ओला पाला, वारा कुठनं नाही. बुरशीला मी स्वतःच्या हातानं अंथरूण घालून दिलं आणि वर शकूला म्हटलं, "बघ आणि शीक."

दिवाळी झाल्यावर झाकण काढलं. असा कुबट वास आला की दोघी मागं सरलो. पाला काळा पडून चिकट झालेला. शकूनं पदर नाकाला लावून तो पाला उपसायला घेतला. खरं सांगते, ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. आम्ही शेंगा उन्हात टाकल्या, फोडल्या आणि दाणे निवडायला बसलो.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. दाणे निवडताना तीन ढीग पडतात. पहिला बियाण्याचा, टपोरा. दुसरा घरच्या खाण्याचा आणि विकायचा. तिसरा बाजूचा. सुरकुतलेले, काळपट, भुकटी धरलेले, जिभेला कडू लागणारे. या तिसऱ्या ढिगाचं कुणी नाव घेत नाही. पुरुष विचारत नाहीत. सासूबाईंनी मला कधी सांगितलं नाही, पण मी त्यांना बघत आले होते, आणि त्या त्यांच्या सासूला बघत आल्या असणार. तो ढीग घरातली बाई पदरात घेते आणि आत नेते. कष्टानं पिकवलेलं टाकवत नाही, दुसऱ्याला वाढवत नाही, मग राहिलं कोण?

एरवी हा ढीग ओंजळभर असतो. त्या वर्षी पाटीभर झाला. मी तो हळदीच्या पाण्यानं धुतला, वाळवला, तव्यावर चांगला करपवला, आणि वर मूठभर ओवा, लवंगा, लसूण, लाल तिखट टाकून कुटला. वहीतलं वाक्य डोक्यात पक्कं होतं. ओव्यापुढं बुरशीचं काय चालणार? कडूपणा तिखटात झाकला. ती चटणी स्टीलच्या डब्यात भरून फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. सगळ्यांना चांगल्या दाण्यांची वेगळी. ही माझ्यापुरती. दोन महिने रोज भाकरीवर घेऊन खाल्ली.

त्याच दिवसांत दुसरी एक गोष्ट चालू होती. मला नवीनच साखर निघाली होती. आमच्या बांधावरच्या लिंबावर गुळवेल चढलीय. शकू रोज सकाळी तिचा काढा करून पेलाभर आणून द्यायची. "घ्या आक्का, झाडपाल्याचं हाय, ह्यानं काय बाधत न्हाय." मीही तेच म्हणत होते की! पिंपात झाडपाला, चटणीत झाडपाला, पोटात झाडपाला. मी एकदम बिनघोर होते.

हळदी-कुंकू

भोगीची भाजी माझ्या लई आवडीची. त्या दिवशी तिच्या वासानंच पोटात ढवळलं. अंगाला खाज, पाय जड, लघवी काळ्या चहासारखी. मी मनाला समजावलं की उष्णता असेल.

संक्रांतीनंतर गल्लीत हळदी-कुंकू होतं. शेजारच्या वत्सलाबाईंनी मला हळद लावली, तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सुमनबाई, गालाची हळद आमची. डोळ्याला कुणी लावली वो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. शकू हसली नाही. तिनं मला हाताला धरून बाहेर उन्हात नेलं, खालची पापणी ओढून बघितली आणि तिचा चेहराच उतरला.

"आक्का, उमरग्याला चला. आत्ताच्या आत्ता."

"अगं, वाण द्यायचं राहिलंय."

"वाण गेलं खड्ड्यात! भावजींना बोलवते."

हे लक्षात ठेवा, माझे डोळे पहिल्यांदा शकूनं बघितले. पुढं जे झालं ते सांगताना मलाच विसरायला होतं.

उमरग्याच्या दवाखान्यात रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली. नेहमीच्या काविळीच्या तपासण्या काही दाखवेनात. डॉक्टर शांत माणूस, हळू बोलणारे. विचारलं, दारू? मालकांना अशाही वेळी हसू आलं. गोळ्या कुठल्या? झाडपाल्याचं औषध?

महेश लगेच म्हणाला, "काकू काढा देत्यात. गुळवेलीचा. लई दिवस झाले."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "बुरशी लागलेलं, कडू झालेलं काही खाण्यात आलं का? शेंगदाणे, मका?"

मालक म्हणाले, "न्हाय साहेब. आमी समदे एकाच चुलीवरचं खातो. आमाला कुणालाच काय झालं न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. नाही.

का हलवली? मी स्वतःला हे शंभरदा विचारलंय. नवऱ्यापुढं, हाताशी आलेल्या मुलापुढं सांगायचं, की तुम्ही चांगलं खाता तेव्हा मी निवडलेला कचरा खाते? मला लाज वाटली. शिवाय मला खरंच वाटत होतं की ओवा घातलाय, म्हणजे त्यात काही राहिलं नसणार. दोन्ही खरं आहे. कुठलं जास्त खरं ते माहीत नाही.

"काढा आधी बंद," डॉक्टर म्हणाले. "आणि भरती व्हा."

नाव लिहा

दवाखान्यात सकाळ व्हायची ती रक्त घेणाऱ्या सिस्टरच्या हाकेनं. मग वजन, मग पोटाला टेप लावून माप, कारण पोटात पाणी धरलं होतं. जेवण बिनमिठाचं. बिनमिठाचं वरण म्हणजे काय शिक्षा असते, ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. खिडकीतनं हैदराबादचा हायवे दिसायचा. मी पडल्या पडल्या ट्रक बघायची. शेजारच्या खाटेवर कर्नाटकातली एक म्हातारी होती. तिला मराठी येत नव्हतं, मला कन्नड बेताचंच. जेवणाचं ताट आलं की ती माझ्याकडं वळून विचारायची, "ऊटा आयता?" जेवलीस का? मी जेवले नसले तरी मान हलवायची. तिला ते कळायचं. ती हात करून दटावायची, आणि तिच्या धाकानं मी चार घास खायची. तिचं नाव काय होतं, ते मी विचारलंच नाही.

डॉक्टर रोज सकाळी एक कागद पुढं करायचे. "बाई, नाव लिहा." पहिल्यांदा मला राग आला, मी काय अडाणी आहे? नंतर कळलं, लिव्हर बिघडलं की त्याचा परिणाम डोक्यावर होतो, आणि अक्षरावरनं ते ओळखतात. पाचव्या की सहाव्या दिवशी मी माहेरचं आडनाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी "सुमन"मधला "म" कसा काढतात तेच आठवेना. पेन कागदावर टेकवून बसले. मालक शेजारी उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं.

त्या दोन-तीन दिवसांचं मला धड काही आठवत नाही. दिवस कुठला, वार कुठला, समोर कोण. सिस्टर सांगत होत्या की मी सारखं एकच बडबडायची, "तिसरा ढीग, तिसरा ढीग." मालकांना वाटलं, शेतातलं काहीतरी. ते बिचारे माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणायचे, "व्हय व्हय, करू आपण ढीग. तू नीज."

म्हणजे मी सांगत होते! माझी शुद्ध गेली तेव्हा तोंडानं खरं सांगितलं आणि शुद्ध आली तेव्हा ते गिळून टाकलं. याला काय म्हणावं?

बाकड्यावरची खिचडी

औषधांनी डोकं हळूहळू ठिकाणावर आलं. एका सकाळी मी नाव नीट लिहिलं, तेही लफ्फेदार. त्याच दिवशी दुपारी शकू आली. एस.टी.नं, कडेला डबा घेऊन. मुगाची खिचडी, डॉक्टरांनी सांगितलेली तशीच, बिनमिठाची. महेश दारातच होता.

"काकू, आता तुमी काय आणू नका."

"अरं, म्या इचारून केलीया. मीठ न्हाय घातलं."

"तुमच्या हातचं पिऊनच आई हितं आली. बास झालं आता. येऊ बी नका."

मी खाटेवरनं सगळं ऐकत होते. दार उघडं होतं, चार पावलांवर. शकूनं डबा बाहेरच्या बाकड्यावर ठेवला, पदरानं तोंड पुसलं, दारातनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि गेली. तिनं बघितलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

आजारपणामुळं जीभ उचलली नाही म्हणू? खोटं होईल. त्या सकाळी मी नाव नीट लिहिलं होतं.

गावात तर काय, बातमी पसरायला वेळ लागतो होय? धाकटीनं थोरलीला काय पाजलं, अशी कुजबुज सुरू झाली. आमच्या सामाईक तुकड्याशीही कुणी कुणी त्याचा संबंध लावला. दीर आणि मालक एकमेकांशी बोलेनात. आणि मी तिकडं पडून विचार करत होते, की कुणास ठाऊक, काढ्यानंच झालं असेल. डॉक्टरही तेच म्हणतात. मग मी कशाला मधे तोंड घालू? असं म्हटलं की घटकाभर बरं वाटायचं. मग पुन्हा बाकडं दिसायचं.

डबा

दोन दिवसांनी मालक गावाकडनं आले. आल्या आल्या पिशवी उघडली. चेहऱ्यावर खुशी. या माणसानं जन्मात मला कधी साडीही न सांगता आणली नाही, आणि आज काय आणलं म्हणून मी बघते, तर माझा स्टीलचा डबा. फडताळाच्या वरच्या कप्प्यातला.

"तुला घास उतरंना, म्हणून म्या शोधून काढली. तुझ्या हातची चटणी. डाक्टरला म्हणू, चिमूटभरच घेती. बघ, ओव्याचा वास कसा येतोय."

आणि झाकण काढून त्यांनी स्वतःच चिमूट उचलली, तोंडाकडं नेली.

माझ्या अंगात त्या दिवसांत उठून बसायचीही ताकद नव्हती. पण मी उठले. कशी उठले देव जाणे. त्यांच्या हातावर असा फटका मारला की डबा उडाला, चटणी चादरीवर, फरशीवर, म्हातारीच्या खाटेखाली. सलाईनची नळी सुटली. मी ओरडत होते, "थुंका! आधी थुंका! तोंडात गेली का? सांगा की, गेली का?"

सिस्टर धावत आल्या. मालक भेदरून उभे. "न्हाय गं, न्हाय गेली. पर झालं काय? तुझीच चटणी हाय की."

"माझीच हाय. म्हणूनच."

आणि मग मी सगळं सांगितलं. पिंप, ओला पाला, तीन ढीग, वरचा कप्पा, दोन महिने. महेशही तेवढ्यात आला होता, त्याच्यासमोर सांगितलं. सांगताना रडले, शिव्याही दिल्या, कुणाला ते माहीत नाही.

मालक खाली बसून फरशीवरची चटणी कागदानं गोळा करत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "पंचवीस वर्सं शेजारी बसून जेवतोय मी. तुझ्या ताटात येगळं हाय, हे मला दिसलं न्हाय व्हय?"

मी म्हटलं, "तुमी कधी बघितलंच न्हाय."

राग म्हणून नाही म्हटलं. तसंच होतं ते. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली.

डॉक्टरांना बोलावलं. ते रागावले नाहीत, त्यामुळं मला जास्तच वाईट वाटलं. मी विचारलं, "मग साहेब, कशानं झालं? चटणीनं का काढ्यानं?"

"नक्की सांगता येणार नाही, बाई. बुरशीच्या विषानं असेल. गुळवेलीनंही कुणाकुणाला होतं. दोन्ही मिळून असेल. दोन्ही बंद, एवढंच मी सांगू शकतो."

महेश म्हणाला, डबा कुठंतरी तपासायला पाठवू. तोवर सफाईवाल्या मावशींनी सगळं पुसून, गोळा करून टाकून दिलं होतं. म्हणजे ते कायमचं राहिलंच.

कोऱ्या जागेचं उत्तर

घरी आले तेव्हा अंगावर नुसती हाडं होती आणि डोळ्यांत अजून पिवळी झाक. टमटममधनं उतरले ती आमच्या दारात न जाता शकूच्या दारात गेले. महेश मागं होता. त्यानं आधी वाकून तिचे पाय धरले. "चुकलं, काकू." ती म्हणाली, "ऊठ, लई मोठा झालाईस का माफी मागायला." आणि मला आत नेऊन बसवलं.

मी म्हटलं, "शके, मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक असून मी तुला तोंडघशी पाडलं."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "आक्का, दवाखान्यात तुमी बरळत व्हता, तिसरा ढीग. भावजींनी फोनवर सांगितलं तवाच मला उमगलं."

"मग बोलली का नाहीस? एवढी बोलणी खाल्लीस!"

"कशी बोलू? तुमी पदरात भरून नेत व्हता ना, त्याच्या आधी त्याच्यातल्या चार मुठी म्या काढून घ्यायची. म्या बी खाल्लंय. रोज. आमच्यात बी कुणाला ठाव न्हाय."

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. तिचे डोळे पांढरे स्वच्छ. तिला काहीही झालं नव्हतं.

झालं! माझं डोकं पुन्हा फिरलं. एकाच ढिगातलं दोघींनी खाल्लं, मी मरता मरता वाचले आणि ती ठणठणीत. मग चटणी निर्दोष, काढाच दोषी? पण तो काढा पिणारी दुसरीही एक बाई गल्लीत आहे, ती दळण डोक्यावर घेऊन फिरतेय. का तिनं चार मुठी खाल्ल्या आणि मी पाटी खाल्ली म्हणून? का माझी साखर मधे आली? शकू म्हणाली, "तुमचं सोसणं संपलं आसंल, माझं अजून व्हायचं आसंल." तिचंही रक्त मी दुसऱ्याच आठवड्यात तपासून घेतलं. काही निघालं नाही. आम्ही दोघी सुटलो, एवढं कळतं. का सुटलो, ते कळत नाही.

बरं वाटायला लागल्यावर मी ती वही काढली आणि मॅडमना फोन लावला. म्हटलं, "मॅडम, तुमी त्या दिवशी 'पण' म्हणालात, त्याच्या पुढं काय होतं?"

त्यांना आधी समजलंच नाही. मग म्हणाल्या, "पण एकदा तयार झालेलं विष या अर्कांनी जात नाही, धुऊन नाही, भाजून नाही, ओवा घालूनही नाही. तसे दाणे टाकूनच द्यायचे. जनावरालासुद्धा घालायचे नाहीत. अर्क-तेल हे बुरशी येऊच नये म्हणून, आणि तेही माल आधी खडखडीत वाळला असेल तरच."

मी ते कोऱ्या जागेत लिहून घेतलं. एवढंसं तर होतं. त्या दिवशी चहा उतू जाऊ दिला असता, तर फार तर चूल भरली असती.

यंदा

यंदा शेंगा वाजेपर्यंत वाळवल्या. पाला सावलीत चुरगळेपर्यंत वाळवला, आईसारखा. पिंपाला सुट्टी दिली, गोण्या फळीवर रचल्या. डॉक्टरांकडं तीन महिन्यांनी जाते. ते अजून कागद पुढं करतात आणि मी नाव लिहिते.

परवा दाणे निवडायला बसलो, मी आणि शकू. मालकही येऊन बसले, पहिल्यांदाच. त्यांना निवडता येत नाही, पण बसले. तीन ढीग पडत गेले. तिसरा यंदा बारका होता, दीड ओंजळ असेल. काम संपलं तशी शकूनं त्या ढिगाकडं बोट केलं आणि मोठ्यानं, अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आक्का, हा ढीग कुणाचा?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कुणाचाच न्हाय."

मालकांनी परसात खड्डा घेतला होता. शकूनं ढीग सुपात भरला आणि नेऊन ओतला. मी खड्ड्याच्या कडेला उभी होते. मालक माती ओढणार, तेवढ्यात शकू म्हणाली, "थांबा भावजी."

तिनं माझा उजवा हात धरला आणि मिटलेली मूठ उघडली. आत चार दाणे होते, काळे, सुरकुतलेले. खरं सांगते, मी ते कधी उचलले मला माहीतही नाही. तिनं ते खड्ड्यात टाकले.

मग मी तिची मूठ उघडली. तिच्यात सहा होते.

मालक फावडं धरून आमच्याकडं बघत राहिले. आम्ही हसत होतो का रडत होतो, त्यांना कळेना, आम्हालाही कळेना. मी तिचे सहाच्या सहा दाणे खड्ड्यात टाकले आणि म्हटलं, "ओढा आता माती."